डीपकूल एके४००: ठाण्याच्या उकाड्यात घरच्या कॉम्प्युटरची घरघर कशी थांबते

कॉम्प्युटर फार आवाज करतो म्हटलं की लोक आधी कॅबिनेटचे महागडे फॅन विकत आणतात. पण घरच्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा घरघरतो तो प्रोसेसरवरचा फॅन. तो तसाच ठेवून बाकीचे बदलले, तर आवाज होता तिथेच राहतो. रायझन फाइव्ह ५६०० किंवा कोअर आय-फाइव्ह १२४०० या वर्गातला, ६५ वॉटचा प्रोसेसर असेल तर आम्ही डीपकूल कंपनीचा एके४०० हा कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा धातूचा टॉवर आणि त्याचा फॅन, सुचवतो. किंमत साधारण अडीच ते तीन हजार. मात्र तो नुसता बसवून भागत नाही, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आणखी दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण खरा फरक तिथेच पडतो.

आधी हवेबद्दल. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक कमी ठेवतो. परदेशी रिव्ह्यू २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये एसी नसलेली बेडरूम ३२-३४ अंशांवर सहज असते. म्हणजे तिकडे ६५ अंश दाखवणारा प्रोसेसर इथे त्याच कामाला ७५ दाखवणार, आणि कंपनीने ठरवून दिलेला फॅनचा वेग त्या १० अंशांमागे धावत सुटणार. प्रोसेसरसोबत फुकट येणारे कूलर, एएमडीचा रेथ स्टेल्थ असो वा इंटेलचा लॅमिनार आरएम१, लहान आहेत आणि त्यांत हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, नाहीत. धातू थोडा, फॅन छोटा, मग उरतो एकच उपाय, फॅन जोरात फिरवायचा.

फॅनचा वेग आणि आवाज यांचं गणित फार कडक आहे. वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलची उतार म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. वेग नुसता २० टक्के घटवला तरी पाचेक डेसिबल जातात. उलट, सारख्या आवाजाच्या दोन फॅनपैकी एक बंद केला तर जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. म्हणून फॅनची संख्या कमी करण्यात अर्थ नाही. फॅन मोठे हवेत, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) मोठा हवा आणि सगळं सावकाश फिरायला हवं.

एके४०० हेच करतो. ६ मिलिमीटरचे चार हीटपाइप, त्यांवर एक उभा टॉवर, १२० मिलिमीटरचा एक पीडब्ल्यूएम फॅन (मदरबोर्ड ज्याचा वेग सिग्नलने कमी-जास्त करतो असा), वेग मिनिटाला ५०० ते १८५० फेरे. उंची १५५ मिलिमीटर, वजन ६६१ ग्रॅम. ६५ वॉटच्या प्रोसेसरला हा टॉवर गरजेपेक्षा मोठा आहे आणि त्यातच त्याची किंमत वसूल होते. ऑफिसचं काम, ब्राउझर, व्हिडिओ कॉल यांना ७००-८०० च्या वेगावर तो पुरून उरतो. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर त्या वेगाला छताचा पंखा चालू असताना आवाज ओळखूही येत नाही. पूर्ण १८५० वर मात्र तो शांत नाही. हवेचा सूं-सूं आवाज स्पष्ट येतो, आणि ज्यांनी बायोसला हात लावला नाही त्यांना उन्हाळ्यात तोच ऐकू येतो.

घेण्याआधी कॅबिनेट मोजा. प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून बाजूच्या झाकणापर्यंत किमान १५८-१६० मिलिमीटर जागा हवी. कॉम्प्युटर टेबलाच्या खणात बसणारी जुनी सडपातळ कॅबिनेट इथेच अडकतात. रॅमची अडचण सहसा येत नाही, टॉवर पातळ आहे.

बसवताना चुका ठरलेल्या आहेत. रायझनवरचा जुना कूलर थेट उपटू नका. एएम४ सॉकेटच्या (५६०० त्यातलाच) प्रोसेसरला खाली पिना असतात, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून इतकी धरते की कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उखडून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादं जड काम चालवा, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा. दुसरी गोष्ट, रेथ स्टेल्थचे चार स्क्रू निघाले की मदरबोर्डमागची धातूची प्लेट सुटून खाली पडते, कारण तिला फक्त त्या स्क्रूंनीच धरलेलं असतं. एके४०० ला तीच प्लेट लागते. म्हणून मागचं झाकण आधीच काढून ठेवा आणि प्लेटवर एक हात असू द्या. इंटेलला खोक्यातली स्वतःची प्लेट लावायची असते. ती थोडी डुगडुगते, स्क्रू घट्ट झाले की बसते.

या कूलरच्या तळाशी हीटपाइप थेट प्रोसेसरला टेकतात, त्यामुळे पाइपांच्या मधे बारीक चिरा असतात. पुन्हा पेस्ट लावायची वेळ आली तर आधी त्या चिरांमध्ये जुन्या कार्डाच्या कडेने पेस्ट भरून घ्या, मग प्रोसेसरच्या मध्यावर मटाराच्या दाण्याएवढी. नाहीतर पेस्ट चिरांत उतरते आणि मधे कोरडा भाग राहतो. फॅन काढून ठेवून टॉवर बसवायचा, दोन्ही स्प्रिंगचे स्क्रू आळीपाळीने दोन-दोन वेढे फिरवायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर टॉवर तिरका बसतो आणि तापमान विनाकारण १०-१५ अंशांनी जास्त दिसतं. फॅनच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते, ती बाजू टॉवरकडे. तारेच्या क्लिपा लावताना बोटांना त्रास होतो, या कूलरची ती सगळ्यात कंटाळवाणी पायरी. वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या चार पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर अनेक बोर्ड सुरू होतानाच चूक दाखवून थांबतात.

आता बायोस. कानाला सतत एकसारखा आवाज फारसा टोचत नाही, चढ-उतार टोचतो. आधुनिक प्रोसेसर एखादी टॅब उघडली तरी एका कोअरला क्षणभर जोरात पळवतो, तापमान एका सेकंदात ५० वरून ६५ होतं आणि लगेच खाली येतं. मूळ सेटिंगमध्ये फॅन त्या प्रत्येक उडीमागे पळतो. घूं... थांबला, पुन्हा घूं. रात्री शेजारी मूल झोपलेलं असताना हेच असह्य होतं. कूलर बदलूनही तक्रार कायम राहते ती बहुतेक यामुळे.

यावर उपाय म्हणजे कोणत्या तापमानाला फॅन किती वेगाने फिरेल हे ठरवणारी बायोसमधली रेषा सपाट करणं. असुसच्या बोर्डांत क्यू-फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन या नावाने ही सोय सापडेल. आधी फॅन पीडब्ल्यूएम मोडवर आहे ना ते बघा. मग ठाण्याच्या हवेसाठी असं ठेवा: ६५ अंशांपर्यंत ४० टक्के, एकच सपाट रेषा. ७५ ला ५५ टक्के, ८२ ला ७५, आणि ८८ ला पूर्ण. इंटरनेटवर मिळणाऱ्या रेषा ४५-५० अंशांपासून चढायला लागतात. त्या थंड प्रदेशातल्या आहेत, इथे मे महिन्यात प्रोसेसर रिकामा बसून ४५ दाखवतो. वेग वाढण्याआधी थांबायचा वेळ, जिथे ती सोय असेल तिथे, ३ ते ५ सेकंद द्या. एवढ्याने घूं-घूं जवळपास संपते. ७५ अंश बघून घाबरू नका, हे प्रोसेसर त्यासाठीच बनवलेले आहेत.

त्याही पुढे जायचं तर प्रोसेसर घेतो ती वीज, म्हणजे वॉटच कमी करा. पुष्कळ मदरबोर्ड १२४०० ला मर्यादाच ठेवत नाहीत किंवा ११७ वॉट सतत घेऊ देतात. बायोसमध्ये दीर्घकालीन मर्यादा ६५ वॉट लिहिली की व्हिडिओ एन्कोडिंगसारखं लांबलचक काम थोडं सावकाश होतं, बाकी काही जाणवत नाही. ५६०० च्या ४५ वॉट इको मोडचंही (कमी विजेवर चालवायच्या सोयीचंही) तसंच. आमच्या मते बिनपैशाचा सगळ्यात चांगला उपाय हाच, आणि दुकानदार तो सांगत नाहीत कारण त्यात विकायला काही नाही.

१२५ वॉटच्या प्रोसेसरसाठी एके४०० घेऊ नका. तो तापमान सांभाळेल, पण फॅन वर चढूनच. तिथे थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बघा. सहा हीटपाइप, दोन टॉवर, दोन फॅन आणि उंची तीच १५५. एके४०० चाच डिजिटल प्रकार येतो, वर तापमान दाखवणारा. त्याला यूएसबीची जास्तीची वायर आणि सतत चालणारं सॉफ्टवेअर लागतं. शांततेसाठी त्याचा उपयोग शून्य, साधाच घ्या. ६५ वॉटला लिक्विड कूलरही नको. त्याचा पंप काम असो-नसो गुणगुणत राहतो.

कूलर बदलूनही आवाज राहिला तर तो कुठून येतो ते शोधावं लागतं. झाकण काढून कॅबिनेटच्या एकेका फॅनच्या मधल्या चकतीवर बोट टेकवून तो एक-दोन सेकंद थांबवा. पात्यांना हात लावू नका आणि पॉवर सप्लायच्या जाळीत तर काहीच घालू नका. ज्या फॅनला थांबवल्यावर आवाज गेला, तो दोषी. एकसुरी जाड गुणगुण येत असेल तर जुनी हार्ड डिस्क बघा: मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि पत्र्याचं कॅबिनेट तो सूर मोठा करतं. स्क्रूखाली रबरी वॉशर घाला, किंवा विंडोज एसएसडीवर आणून डिस्क फक्त साठवणीला ठेवा. गेममध्येच बारीक चीं-चीं येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची असते, कूलरने जाणार नाही, फ्रेम रेटला मर्यादा घातली की बरीच कमी होते. टेबलाखालच्या यूपीएसची घरघरही अनेकदा कॉम्प्युटरच्या माथी मारली जाते. कॉम्प्युटर बंद करून कान द्या, लगेच कळेल.

ग्राफिक्स कार्डाची आणखी एक खोड उन्हाळ्यातच दिसते. फॅन ५०-६० अंशांखाली आपोआप थांबतात. गरम खोलीत कार्ड नेमकं त्याच रेषेवर घुटमळतं, आणि फॅन दर दोन मिनिटांनी सुरू-बंद, सुरू-बंद. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये किमान ३० टक्के वेग कायमचा द्या.

धूळ हा इकडचा खास विषय. घोडबंदर रोडला कासारवडवली-वाघबीळच्या बाजूला बांधकामं आणि मेट्रोचं काम, तर खारघर-उलव्याकडे नवे टॉवर. पुढच्या जाळीवर राखाडी थर बसला की आत येणारी हवा घटते आणि सगळे फॅन वर चढतात. फेब्रुवारी ते मे या काळात दर महिन्याला एकदा जाळी काढून धुवा, पूर्ण वाळवून लावा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोडणीच्या तेलाने धूळ चिकट होते आणि पावसाळ्यातल्या दमटपणात आणखी घट्ट बसते. तिथे ब्लोअर पुरत नाही, मऊ कोरडा ब्रश लागतो. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो मर्यादेबाहेर फिरतो आणि बेअरिंग खराब होतं, म्हणजे साफसफाईतूनच नवी खरखर तयार होते. पुढून दोन फॅन आत, मागून एक बाहेर ही मांडणी पुरेशी आहे. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल तर मागची फळी काढा, कारण तीच गरम हवा पुन्हा आत जात असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या, वाशीतून किंवा ऑनलाइन मागवा, कूलर तोच आहे. पण दुकानात बसवून घेतलात तर कॅबिनेट रिक्षातून उभं आणू नका. ६६१ ग्रॅमचा टॉवर मदरबोर्डवर आडवा लोंबत असतो आणि रस्त्यांचे खड्डे आपल्याला माहीत आहेत. मदरबोर्ड खाली राहील असं कॅबिनेट आडवं, मांडीवर किंवा सीटवर ठेवून आणा. घरी आल्यावर चालू करण्याआधी टॉवर हाताने हलवून बघा, हलला तर त्याच दोन स्क्रूंना अर्धा-अर्धा वेढा द्या.