चेन ल्युब स्प्रे: फेब्रुवारी ते सप्टेंबर वापरून काय वाटलं

परवा सर्व्हिसिंगला गाडी टाकली तर तिथला मेकॅनिक म्हणते, "भाऊ, चेनसेट गेला तुमचा, नवीन टाकावा लागते." चेन, पुढची गरारी (चेन फिरते ते दात्यांचं चाक), मागची गरारी, मजुरी असा हिशेब दोन हजाराच्या पार. सोयाबीन अजून वावरात उभं आहे, हातात पैसा नाही, आणि ती चेन फेब्रुवारीपासून मी स्वतः घासून पुसून ठेवून राह्यलो, तिची कडी न कडी माझ्या ओळखीची. मी म्हटलं, "भाऊ, बसा इथं खाली, दाखवतो." चेन मागच्या गरारीला जिथं वळसा घेते तिथं, अगदी मागच्या टोकाला, चिमटीत धरून मागं ओढली. अर्धा दात उघडा पडला तर चेन लांबली समजायची, माझी जेमतेम हलली. गरारीचे दातही सरळ, एका अंगाला कलून टोकदार झालेले नाहीत. मग आवाज कशाचा? तर चेन ढिली होती, खड्ड्यात कव्हरला आपटत होती. ताणून घेतली, आवाज बंद. आणि एवढं होऊनही बिलात 'चेन क्लिनिंग व ल्युब'चे पैसे लावलेले, चेनवर मात्र आदल्या दिवशीचा वावरातला गारा जसाच्या तसा! बरीच बाचाबाची झाली, पण ते पैसे कमी करूनच गाडी घेतली.

त्या रागातच लिहायला बसलो. गाडी दीडशे सीसीची, चेन उघडी, फक्त वरून अर्धं कव्हर, आणि ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांत रबराच्या रिंगा असलेली. रोजचं जाणं गाव ते दारव्हा, आणि वावरात जायला पांदण रस्ता, जिथं उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल की मडगार्ड आणि टायरच्या मधात भरून चाक जाम होतं. चेनला तेल द्यायचा हा ल्युब स्प्रे यवतमाळहून आणला, चारशेच्या वर पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

उन्हाळ्याचं आधी सांगतो. स्प्रे मारला की पातळ असतो, कड्यांच्या मधात छान शिरतो, मग त्यातला पातळ भाग उडून जातो आणि चिकट थर राहतो. डब्यावर लिहिलं आहे थोडा वेळ थांबा, पण मी म्हणतो रात्रभर थांबा. संध्याकाळी गाडी चालवून आलं की चेन गरम असते तेव्हाच मारायचा, सकाळपर्यंत बसतो. शहरातल्या डांबरी रोडवर हे भारीच असेल. पण पांदणीत त्या चिकट थरावर फुफाटा बसतो आणि तेल-मातीची काळी पेस्ट तयार होते, बोटाला घेऊन चोळली तर कचकच लागते, म्हणजे तीच पेस्ट गरारीचे दात घासून राह्यली ना! एप्रिलमध्ये मी हा स्प्रे बंदच केला. तेव्हा लिहिलं असतं तर सरळ घेऊ नका म्हटलं असतं.

त्याऐवजी ९० नंबरचं गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्समध्ये टाकतात ते घट्ट तेल, सुरू केलं. लिटरभराचा डबा जवळपास त्याच भावात आणि संपता संपत नाही. मेडिकलमधून १० एमएलची सिरिंज आणली, सुई काढून फेकली, गाडी डबल स्टँडवर, चाक हाताने मागच्या बाजूला फिरवत खालच्या पट्टीवर आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब. आतून टाकायचं कारण चेन फिरताना तेल बाहेर फेकल्या जातं, मग ते आपोआप पूर्ण कडीत पसरतं. दहा मिनिटांनी जुन्या सुती धोतराच्या चिंधीने वरचं सगळं पुसून टाकायचं, पुसायला कंजुषी करायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी रिमवर काळे शिंतोडे. एक थेंब वाया नाही, टायरवर काही नाही. ही सिरिंज म्हणजे माझ्यासाठी या सगळ्या उठाठेवीतली सगळ्यात कामाची वस्तू.

मग जुलै आला आणि मत बदललं. ऑइल लावून वावरात गेलो, येताना पाऊस लागला, घरी येईपर्यंत चेन धुतल्यासारखी कोरडी, आणि एक रात्र तशीच उभी राहिली तर सकाळी प्लेटींवर तांबूस गंज. तेव्हा कोपऱ्यात टाकलेला स्प्रे पुन्हा काढला. तोच चिकटपणा पावसात कामाचा निघाला, तीन-चार पाऊस खाऊनही कडीवर तेलाची ओल राहते, गंज नाही. त्यामुळे आता माझं असं ठरलं आहे की कोरड्या दिवसांत ९० नंबर आणि पेरणीपासून पाऊस उघडेपर्यंत स्प्रे. साधारण ५०० किलोमीटरला एकदा लावा म्हणतात, चिखलात चालवणाऱ्याने तेवढं थांबूच नये.

पण ती लाल नळी! चारशे रुपयांच्या डब्याला एक काडीएवढी नळी चिकटपट्टीने बाजूला लावून दिली आहे. ती बटणाच्या भोकात खोचायची. ना फिरवून बसवायचा आटा, ना खटका, नुसती खोचायची. प्रेशर लागलं की ती सुटून उडते, आणि आमच्या अंगणात गवत, कुटार, शेण, त्यात ती काडी शोधायची कशी? नळी गेली की स्प्रे फवाऱ्यासारखा उडतो, चार आण्याचा चेनवर आणि बारा आण्याचा टायरवर, रिमवर. टायरवर ल्युब म्हणजे ओल्या रोडवर वळणात घसरलाच माणूस. मागं डिस्क ब्रेक असेल तर त्याहून बेकार. मी दरवेळी टायर साबणाच्या पाण्याने धुतो आणि आता सोयाबीन बियाण्याच्या रिकाम्या थैलीचा तुकडा चेन आणि टायरच्या मधात धरूनच बटण दाबतो. अरे, कीडनाशकाच्या पन्नास रुपयांच्या हातपंपाला सुद्धा नोझल आट्याचं असतं, इथं का नाही? बटणालाच जोडलेली, उघडमीट करायची नळी असलेले डबे मिळतात हे मी पाहिलं आहे, तसाच घ्या, वीस-तीस रुपये जास्त गेले तरी.

साफ करायचं थोडक्यात. पेट्रोल आणि थिनर चेनला लावू नका. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनेजवळ कंपनीतूनच ग्रीस भरलेलं असतं, ते आत राहावं म्हणून त्या रबराच्या रिंगा. पेट्रोलने रबर कडक होतं, चिरतं, ग्रीस गेलं की चेन गेली. आपण बाहेरून कितीही तेल टाका, आत पोचत नाही, आपलं तेल रबर नरम ठेवायला, रोलरला आणि गंज थांबवायला. घासलेट चालतं, आता रेशनवर मिळत नाही म्हणून मी थोडं डिझेल वापरतो आणि लगेच कोरडं पुसतो. ब्रश दात घासायचा, तारेचा नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगून ठेवा, प्रेशरची गन चेनवर सरळ मारू नको, पाणी रिंगांच्या आत शिरतं. आणि एक, हात जोडून सांगतो, गाडी चालू करून गिअर टाकून चेन साफ करू नका. चिंधी ओढल्या जाते आणि तिच्यासोबत बोटं.

चेन किती ढिली ठेवायची, म्हणजे वर-खाली किती हलली पाहिजे, ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं, माझ्या गाडीला २५ ते ३५ मिमी. मी ३५ कडे ठेवतो, कारण मागं युरियाची ४५ किलोची बॅग बांधली की शॉकअप दबतो आणि चेन अजून ताणल्या जाते. जास्त टाइट चेन बेअरिंग खाते. ताणताना दोन्हीकडच्या खुणा सारख्या पाहिजेत, एक बाजू पुढं राहिली की चाक तिरपं.

बाबांच्या शंभर सीसीला पूर्ण बंद चेन कव्हर आहे. त्यात साधी चेन, तरी आतलं तेल टिकतं, फुफाटा शिरत नाही, महिन्यातून एकदा कव्हरचं रबर काढून सिरिंजने तेल सोडलं की झालं. वावरात जाणाऱ्याने नवीन गाडी घेताना मायलेजसोबत हे कव्हरही पाहावं. शोरूममध्ये कोणी सांगत नाही, आणि स्टाइलच्या नावाखाली उघडी चेन आमच्या माथी मारतात.

डबा आता संपत आला आहे. पाऊस उघडला की पुन्हा ९० नंबर, आणि पुढच्या जूनच्या आधी उघडमीट नळीचा डबा दारव्ह्यात मिळाला नाही तर यवतमाळला जाऊन आणीन, पण खोचायच्या नळीचा घेणार नाही.