नवीन इलेक्ट्रिक एसयूव्ही, ११ महिने, १६ हजार किलोमीटर : मोटर एक नंबर, रडवलं ते छोट्या बॅटरीने

गाडी घेऊन अकरा महिने झाले, मीटरवर १६,४०० दिसतायत, त्यामुळे आता अनुभवावरून बोलू शकतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ओळखीतल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ईव्हीवाल्यांशी बोललोय आणि तक्रारी इतक्या सारख्या आहेत की कुठली कुणाच्या गाडीची ते ओळखता येणार नाही. म्हणून कुठलीही नवीन इलेक्ट्रिक एसयूव्ही बघत असाल तरी हे वाचा.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरं आहे. सगळ्यांना भीती असते मोठ्या बॅटरीची आणि मोटरची, तर त्या दोघांनी मला एक दिवस त्रास दिलेला नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी घाट असा चढते की मागे बसलेल्यांना घाट कधी संपला कळत नाही. रेंज कागदावर पाचशेच्या आसपास लिहिलीय, मला हायवेला ९०-९५ च्या स्पीडने एसी लावून ३४० ते ३५० मिळते, पुण्यात ४०० पर्यंत जाते. घरी चार्ज केलं तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत पडतं. या बाबतीत समाधानी आहे.

रडवलं ते १२ व्होल्टच्या बॅटरीने. हो, तीच, पेट्रोल गाडीत असते तसली.

फेब्रुवारीतली गोष्ट. आईला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, साडेदहाची वेळ मिळालेली, म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं. रात्री चार्जिंग ९६ टक्के बघून झोपलो होतो. सकाळी खाली आलो, चावीचं बटण दाबलं, काहीच नाही. परत दाबलं, नाही. या गाडीचे हँडल दरवाजात सपाट बसलेले असतात, बटण दाबल्यावर बाहेर येतात, ते येईनात. मग चावीच्या आतली लोखंडी पट्टी काढली, मोबाईलच्या उजेडात हँडलचा एक कोपरा आत दाबला, मागे लपलेलं कुलूप सापडलं आणि दरवाजा उघडला. आत सगळा अंधार. स्क्रीन नाही, दिवा नाही, काही नाही. आई पार्किंगमधल्या वॉचमनच्या खुर्चीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, एक शब्द बोलली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणाले दीड तास लागेल. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना उठवलं, त्यांची जुनी वॅगन आर शेजारी लावली, जम्पर केबल जोडल्या, लाल प्लसला आणि काळी आपल्या गाडीच्या बॉडीला, आणि दोनेक मिनिटांनी सीटच्या खालून टक् असा आवाज आला आणि स्क्रीन पेटली. चार्जिंग तेच, ९६ टक्के. मिरजेला पोचायला पावणेबारा झाले. डॉक्टर भले माणूस, सगळे पेशंट संपल्यावर आईला बघितलं त्यांनी.

तो टक् आवाज समजून घ्या, कारण निम्म्या ईव्हीवाल्यांना हे कुणी सांगतच नाही. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते, म्हणून गाडी बंद असताना ती कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या स्विचने बाकी गाडीपासून तोडून ठेवलेली असते. तो स्विच जोडायला करंट लागतो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. म्हणजे मोठी टाकी भरलेली असली तरी तिचं झाकण उघडायची ताकद छोट्या बॅटरीत हवी. दरवाजे, चावीचा सेन्सर, स्क्रीन, सगळं तिच्यावरच. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज करत राहतो. पण गाडी उभी असताना आतलं सिमवालं युनिट (मोबाईल ॲपला गाडीची माहिती पाठवणारं) नीट झोपलं नाही, किंवा आपण ॲपमधून सारखं चार्जिंग बघत राहिलो, किंवा बाहेरून डॅशकॅम बसवला, की ती हळूहळू रिकामी होते.

आणि हे फक्त माझ्या एका गाडीचं नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या आणि कियाने ईव्ही ६ च्या १,१३८ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात चार्जिंग सांभाळणाऱ्या आयसीसीयू नावाच्या युनिटमधल्या दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते असंच कारण होतं. त्यांनी किमान जाहीर करून गाड्या बोलावल्या, ते योग्यच केलं.

माझ्या सर्व्हिस सेंटरला मात्र मी तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी लॅपटॉप लावला, म्हणाले साहेब एरर कोड काहीच दिसत नाही, गाडी ओके आहे. दुसऱ्यांदा बॅटरी चार्ज करून दिली. आठ दिवसांत परत तेच. मग मी ब्लूटूथवाला व्होल्टमीटर आणून त्या बॅटरीला जोडला आणि रोज सकाळी मोबाईलवर आकडा टिपायला लागलो. भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास पाहिजे, माझी रात्रभरात ११.७ वर यायची. दहा दिवसांचे स्क्रीनशॉट घेऊन गेलो तेव्हा कुठे आतल्या टेक्निशियनने मनावर घेतलं. सिमवाल्या युनिटचं सॉफ्टवेअर बदललं, बॅटरी वॉरंटीत नवीन दिली. तेव्हापासून चार महिने झाले, त्रास नाही. पण हे काम पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं. कोड दिसत नाही म्हणजे दोष नाही असं धरून चालणाऱ्या सर्व्हिस सेंटरचा मला मनापासून राग आहे, माणूस सुट्टी टाकून गाडी घेऊन येतो तो उगाच येत नाही.

दुसरा मोठा त्रास चार्जिंग गन अडकण्याचा. कराडजवळ हॉटेलच्या आवारातल्या फास्ट चार्जरवर ८० टक्के झालं, चार्जिंग थांबवलं, गन निघेना. गाडीच्या सॉकेटमध्ये एक छोटी पिन असते, ती चार्जिंग चालू असताना गन धरून ठेवते आणि नंतर मागे सरकते, माझी सरकलीच नाही. मागे दोन गाड्या थांबलेल्या, मे महिन्याचं ऊन, लोक वैतागलेले. मॅन्युअलमध्ये शोधलं तर डिकीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या छोट्या झाकणामागे एक वायर असते, ती ओढली की पिन सुटते. ओढली, सुटली. दोन मिनिटांचं काम, पण माहीत नसल्यामुळे चाळीस मिनिटं गेली. गाडी ताब्यात घेताना सेल्सवाल्या मुलाने सनरूफ पाच वेळा उघडून दाखवलं, ही वायर दाखवली नाही. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, बॉनेटखाली की डिकीत, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

घरचं चार्जिंग मधेच बंद पडतं ही पण खूप जणांची तक्रार आहे, माझीही होती. पण इथे गाडीला दोष देऊ नका. आमची बिल्डिंग जुनी, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला, वायरमनने न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मीटर धरला तर १४ व्होल्ट दाखवले, तिथे दोन-तीनच्या आत पाहिजेत. चार्जर अर्थिंग नीट नसेल तर स्वतःहून थांबतो आणि ते आपल्याच जिवासाठी आहे. नवीन अर्थिंग करून घेतलं, प्रॉब्लेम संपला. काही लोक कुठूनतरी ऐकून अर्थचा सेन्सर चकवायचा प्लग आणतात, कृपा करून तसलं काही करू नका, पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये मुलं गाडीला हात लावतात.

टक्के अचानक पडणं. एकदा हिंजवडीहून येताना १४ टक्के होते, सिग्नलला थांबलो आणि एकदम ८. पोटात गोळाच आला. नंतर कळलं की माझी मोठी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, हिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि निम्मी झाल्यावर जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे नेमकी किती उरलीय ते गाडीला अंदाजाने काढावं लागतं आणि रोज ८० पर्यंतच चार्ज करत राहिलं की तो अंदाज चुकत जातो. आठवड्यातून एकदा १०० टक्के करा म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलंय, मी मात्र सगळीकडे ८० चाच सल्ला ऐकून ८० वर थांबत होतो. दर रविवारी पूर्ण करायला लागल्यापासून उडी नाही. तुमची एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली) असेल तर ८० चा सल्ला बरोबर आहे, म्हणून आधी कुठली आहे ते बघा.

बाकीचं थोडक्यात. पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यात कट-कट आवाज, सस्पेन्शनमधला लिंक रॉड वॉरंटीत बदलला, तीन महिन्यांनी परत थोडा सुरू झालाय. गाडी वजनाला जड आणि रस्ते आपले असे, त्यामुळे टायर आतल्या कडेने लवकर झिजले, दर पाच हजाराला अलाइनमेंट करतोय. पहिल्या मोठ्या पावसात डिकीत पाणी आलं, रबर एका ठिकाणी नीट बसलेलं नव्हतं, ते अर्ध्या तासात झालं. ब्रेकच्या डिस्कवर गंज दिसतो तो दोष नाही, रीजनमुळे (पाय काढला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी थोडी भरते) ब्रेक कमी लागतात म्हणून येतो, अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर रीजन कमी करून ब्रेक दाबले की निघतो.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. समोर अडथळा दिसला की गाडी स्वतः ब्रेक मारते ते फीचर. हडपसरच्या पुढे एक बाइकवाला कट मारून गेला, तो निघूनही गेला होता आणि गाडीने कचकन ब्रेक मारला, मागे ट्रक होता, त्याने कसाबसा आवरला. बायको पुढच्या सीटवर होती, तिच्या खांद्यावर बेल्टचा वळ दोन दिवस होता. सर्व्हिसवाले म्हणाले बंपरमधल्या रडारवर चिखल असेल, पुसत जा. पुसतो. सेटिंगमध्ये अंतर सगळ्यात कमी ठेवलंय, तरी गर्दीत मन धास्तावलेलंच असतं. आपल्याकडच्या ट्रॅफिकवर या गोष्टीची अजून भरपूर चाचणी करायला पाहिजे आणि शोरूममध्ये हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी तुमच्या गावातल्या सर्व्हिस सेंटरला एक चक्कर मारा. हाय व्होल्टेजचं काम शिकलेले किती जण आहेत विचारा, आमच्याकडे दोनच आहेत, एक रजेवर गेला की गाडी नऊ दिवस तिथेच उभी, हे माझ्याबरोबर झालंय. बाहेर उभ्या गाड्यांच्या मालकांशी बोला, ते खरं सांगतात. तक्रार केली की जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, फोटो, व्हिडिओ, आकडे ठेवा.

मी तरी आता डिकीत जम्पर केबल ठेवलीय आणि आईला चावीतली पट्टी काढून दरवाजा कसा उघडायचा ते शिकवलंय. पुढच्या महिन्यात परत मिरजेला जायचंय, याच गाडीने.