‘हप्ते थांबवा, फी आम्हाला द्या’ म्हणणाऱ्यांनी माझे ७५,६८० रुपये नेले

आधी हिशेब, कर्ज निम्म्यात मिटवून देतो म्हणणाऱ्या एजन्सीला मी काय काय दिलं त्याचा. नोंदणी ५,९०० (५,००० अधिक जीएसटी). महिन्याची फी ३,५४०, सात महिन्यांचे २४,७८०. शेवटी ‘सेटलमेंट टोकन’ ४५,०००. स्वतःची जॉबवर्कची शेड बंद करून मी आता दुसऱ्याच्या लेथवर महिना १९,००० वर काम करतो. म्हणजे चार महिन्यांचा पगार गेला.

हे लोक कसे गाठतात हे नव्याने सांगायला नको. हप्ते थकले की कर्ज मिटवून देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. “सर, सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) तर गेलंच आहे, आता हप्ता भरून काय उपयोग?” बिझनेस लोन ४,१२,००० आणि क्रेडिट कार्डांचे १,३८,५००, सगळं निम्म्यात मिटवतो म्हणाले. हप्ते थांबवा, बँकेचा फोन उचलू नका. मला कुणी मूर्ख ठरवू नये. वसुलीवाले दिवसभर फोन करतात, शेजारच्या मशीनवरचा पोरगा सगळं ऐकत असतो, अशा वेळी “फोन आमच्याकडे वळवा” हे वाक्यच माणसाला पुरतं.

पण पावती हातात आली तेव्हा तरी कळायला हवं होतं. धंदा होता तोवर सप्लायरच्या प्रत्येक बिलावरचा जीएसटी नंबर तपासल्याशिवाय मी भरलेल्या जीएसटीची वजावट घेतली नाही. नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं : कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी असेल तर ‘एफ’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर ‘पी’! मी ती पावती दोन भोकं पाडून फाइलला लावली. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं. ते मिनिट मी सात महिन्यांनी काढलं, तेव्हा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं.

४५,००० चं तर अजून डोक्यातून जात नाही. बँकेचं म्हणून सेटलमेंट पत्र व्हॉट्सॲपवर आलं, खाली क्यूआर कोड. लोन नंबर बरोबर होता, असणारच, मीच दिला होता. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. ते बँकेचं नव्हतं. मी वाचलं आणि विचारलंही. “एस्क्रो खातं (व्यवहार होईपर्यंत तिऱ्हाईताकडे पैसे ठेवायचं खातं) आहे सर, ऑफर चारपर्यंतच आहे.” पावणेचार वाजले होते. पिन टाकला.

खऱ्या सेटलमेंटचे पैसे तुमच्या लोन खात्यातच भरायचे असतात. पत्रावर ठरलेली रक्कम आणि शेवटची तारीख असते. शाखेत जाऊन ते पत्र आपलंच आहे का, हे तोंडावर विचारून घ्या. आणि सेटलमेंट खरी झाली तरी सिबिलच्या रिपोर्टवर ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा पडतो, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) नाही. हे यांनी कधीच सांगितलं नाही.

कायद्याच्या नावाखाली तर सरळ खोटं सांगितलं. “दिवाळखोरी कायद्यात तुम्हाला संरक्षण मिळवून देतो.” २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला वैयक्तिक कर्जदारांचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या-माझ्यासारख्याला मुंबईत १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा जुनाच दिवाळखोरी कायदा. पगार सगळा जप्त होईल ही भीतीही खोटीच. कोर्टाच्या हुकमाशिवाय पगाराला हात लागत नाही. हुकूम झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. १९,००० वर १३,००० हातात राहतात. पीएफला सावकार हात लावू शकत नाही. हे आधी माहीत असतं तर मी कुणाला एक रुपया दिला नसता.

आणि दाद कुठे मागायची? चौकीत साहेब म्हणाले, “काका, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? हे दिवाणी मॅटर आहे.” तीन चकरा, तीन अर्धे दिवस बिनपगारी, आणि शेवटी साध्या कागदावर पोच. बँकेत गेलो तर “आमचा यांच्याशी संबंध नाही” आणि वर हप्ते न भरल्याबद्दल मलाच झापलं. बँकिंग लोकपालाची, म्हणजे रिझर्व्ह बँकेची तक्रार ऐकायची योजना बँका आणि वित्त कंपन्यांसाठी आहे, या एजन्सी तिच्यात बसतच नाहीत. मग या बसतात कुणाच्या हद्दीत? जो तो दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि तेच लोक नव्या नंबरावरून पुढच्याला फोन लावतात.

चौकीत दिवाणी म्हणाले तर गप्प घरी येऊ नका, मी आलो ती चूक. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तांकडे, लेखी तक्रार पोस्टाने पाठवा. त्यानेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पैसे नुकतेच गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, त्याच तासात. मी अकरा दिवसांनी लावला.

पगार कमी झाला की नवं पगारपत्रक जोडून बँकेला स्वतः लिहा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्जाची पोच घ्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज, होतं, त्याच्या आत लिहा. लोक अदालतीची नोटीस आली तर जा. तिथे बँकेचा माणूस समोर बसतो आणि फी लागत नाही. मला नोटीस आली होती. एजन्सीने “जाऊ नका, केस बिघडेल” म्हणून थांबवलं.

ज्यांनी यांना सही करून अधिकारपत्र दिलं आहे त्यांनी ते रद्द केल्याचं पत्र स्पीड पोस्टाने एजन्सीला आणि बँकेला, दोघांना पाठवा. आधार, पॅनच्या प्रती दिल्या असतील तर सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्ट काढून तुमच्या नावावर नवं कर्ज उचललेलं नाही ना, ते बघा.