इकोझिया, चौदा महिने: आठ महिने एकही जाहिरात दिसली नाही, म्हणजे झाडंही नाहीत

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. माझ्या लॅपटॉपवर पाण्याच्या मोटरीच्या फूट व्हॉल्व्हची किंमत बघता बघता मध्येच थांबला. "मावशी, तुझ्याकडे जाहिराती का दिसत नाहीत?" मी म्हटलं, "बरंच आहे की." तर म्हणाला, "अगं, मग तुझी झाडं कशी लागणार?"

तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

इकोझिया म्हणजे बर्लिनचं सर्च इंजिन, ख्रिश्चन क्रोल यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं. सर्चसोबत दिसणाऱ्या जाहिरातींच्या कमाईतून झाडं लावतात, हे बहुतेकांना माहीत असेल. मी ते घेतलं दोन कारणांनी. एक, खिशातून काही जात नाही. दुसरं, मी वर्गणी देतानासुद्धा आधी पावती मागते, आणि ही कंपनी दर महिन्याचा जमाखर्च जाहीर करते: किती आले, झाडांवर किती गेले, पगार-करांत किती गेले. २०१८ मध्ये तर मालकांनी पर्पज फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने अशी व्यवस्था केली की कंपनी विकून किंवा नफा काढून कुणालाच श्रीमंत होता येणार नाही. एवढं वाचल्यावर माझी शंका मिटली.

आणखी एका गोष्टीने मला धरून ठेवलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या त्यांच्या कामाचे फोटो. उजाड, कडक झालेली जमीन, आणि तिच्यावर ओळीने अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे. पावसाचं पाणी वाहून न जाता त्यात अडतं, मुरतं आणि तिथे झाड धरतं. माझं माहेर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं. आमच्या डोंगरउतारावर पाणी अडवायला समतल चर खणताना मी स्वतः टिकाव मारलाय, हाताला फोड आलेत. तो फोटो बघून हजारो मैलांवरची ती जमीन एकदम ओळखीची वाटली.

तर मी घरून भाषांतराची कामं करते. कामाच्या दिवशी साठ-सत्तर सर्च सहज होतात. ४५ सर्चमागे सरासरी एक झाड, हा इकोझियाने दिलेला आकडा मी मनात पक्का धरला होता. महिन्याला पस्तीसेक झाडं आपल्या नावावर, या समाधानात दिवस चालले होते.

सहाव्या महिन्यात लॅपटॉपची बिजागरी तुटली. दुरुस्तीवाल्याने बिजागरी बदलली, फॉरमॅट मारला, ब्राउझर परत टाकून दिला आणि न विचारता त्यात जाहिराती अडवणारा अ‍ॅडब्लॉकरही टाकला. मला पत्ताच नाही. लॅपटॉप पळायला लागला म्हणून मी खूश. भाच्याने दाखवल्यावर दुकानात गेले, तर म्हणे, "मॅडम, सगळ्यांनाच टाकून देतो, मशीन स्लो होत नाही." माझ्या मशीनमध्ये काय टाकायचं ते मला विचारायला नको? मी वहीत हिशेब मांडला: आठ महिने, तेरा हजारांच्या आसपास सर्च, २८० ते २९० झाडं. ती गेलीच, असं धरून मी दोन दिवस त्या माणसावर चिडून होते.

तिसऱ्या दिवशी शांतपणे बसून कमाई नेमकी कशी होते ते वाचलं, आणि माझं मत बदललं. दुकानदाराची चूक आहेच, पण माझा हिशेबच चुकीचा होता. पैसे मुख्यतः जाहिरातीवर कुणी क्लिक केलं तर मिळतात. एका सर्चमागे सरासरी अर्धा युरो सेंट, म्हणजे आपले चाळीस-पन्नास पैसे. पण ही सरासरी जगभरच्या सगळ्यांची मिळून आहे. विमा, विमानाचं तिकीट, फ्रिज शोधणारा माणूस क्लिक करतो, त्यातून ती निघते. मी शोधते ते "रेग्युलेटरी कम्प्लायन्स मराठी प्रतिशब्द". असल्या सर्चवर जाहिरात लावणार कोण? म्हणजे अ‍ॅडब्लॉकर नव्हता त्या पहिल्या पाच महिन्यांतही माझ्या नावावर फार तर एखाद-दुसरं झाड असेल. ४५ चा आकडा मी माझा समजत होते, तो माझा नव्हताच.

याचं मला खरंच वाईट वाटलं. काटकसर करणाऱ्या, खरेदीसाठी नेटवर फारसं न जाणाऱ्या माणसाकडून या व्यवस्थेला थेट मिळकत जवळजवळ नाही. कंपनीचं म्हणणं असं की क्लिक न करणाऱ्यांचाही उपयोग होतो, वापरणारे वाढले की जाहिरातदारांपुढे वजन वाढतं. ते मला पटतं. उगाच क्लिक करू नका, हेही ते स्वतःच सांगतात, आणि तेही बरोबर आहे; खोट्या क्लिकचे पैसे कुठल्या तरी छोट्या दुकानदाराच्या खिशातून जाणार.

माझी भाची फ्रीराइस हा नेटवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ खेळते, तिथे हिशेब सोपा आहे: इंग्रजी शब्दाचा अर्थ बरोबर आला की ठरावीक दाणे तांदूळ, पैसे प्रायोजकांचे, धान्य संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत. तिथे खरेदी न करणाऱ्या मुलीचंही उत्तर मोजलं जातं. मला ते जास्त आवडलं.

तरी इकोझिया सोडलं नाही. अ‍ॅडब्लॉकर त्या एका साइटपुरता बंद केलाय. शब्दांचे सर्च चालूच आहेत, पण आता घरात काही घ्यायचं असलं की ते आधी तिथेच शोधते आणि जाहिरात खरोखर कामाची असेल तर तीच उघडते. अशी पहिली खरेदी म्हणजे तोच फूट व्हॉल्व्ह, माहेरच्या विहिरीवरच्या मोटरीसाठी. चौथ्या दिवशी आला. भावाने बसवला आणि फोन करून सांगितलं, पाणी व्यवस्थित उचलतोय.