"दादा, अपडेट तेवढा टाकू नका" : माझे ३१,५०० रुपये कसे गेले

आधीच सांगतो, शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या. ताईनं दिल्या, बायकोनं दिल्या, पार्क चौकात रविवारी चहाला जमतो त्या सगळ्यांनी आळीपाळीनं दिल्या, आता काही वाटत नाही. वाटतं, पण ते जाऊ दे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. पण ओळखीत मी फेमस कशासाठी, तर मोबाईलसाठी. कुणाचा फोन गरम होतो, कुणाचं स्टोरेज भरलं, कुठला अपडेट टाकायचा, कुठला महिनाभर थांबून टाकायचा, सगळे मला विचारतात. कट्ट्यावर मला नावच 'अपडेटराव' पडलंय. सेकंडहँड फोन घेताना काय काय बघायचं हे मी निदान वीस जणांना शिकवलं असेल. आणि गंडलो कोण? मीच. म्हणून जास्त झोंबतंय.

भाच्याला पुण्यात कॉलेजला ॲडमिशन मिळाली. पोराला आयफोनच पाहिजे होता. ताईची भिशी लागलेली, त्यातले २०,००० तिनं दिले, म्हणाली वरचे तू बघ, पण चांगला बघ, तुला कळतं त्यातलं. तुला कळतं त्यातलं! हे वाक्य आता जेवताना आठवतं.

जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर आयफोन १३ दिसला, १२८ जीबी, निळा, किंमत ३४,००० सांगितलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये हाच फोन आला तेव्हा ७९,९०० ला होता. फोटोत फोन एका लाल-काळ्या चौकड्याच्या चादरीवर ठेवलेला, आपली सोलापुरी चादर. म्हटलं गावातलाच माणूस आहे. (चादर बघून माणसावर विश्वास ठेवणारा मीच, दुसरा कोण असणार.)

१२ जुलै, शनिवार. सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. बाहेर भुरभुर पाऊस. पोरगा तिशीच्या आतला, शर्ट इन केलेला, बोलायला एकदम मऊ, दर वाक्याला दादा. मी माझी सगळी तपासणी सुरू केली, आणि हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगतोय असं म्हणा, पण मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत हो. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढला, बॉक्सवरच्या नंबरशी जुळवला. केवायएम लिहून पुढं तो नंबर टाकून १४४२२ ला मेसेज केला, संचार साथीचं, म्हणजे सरकारच्या दूरसंचार खात्याच्या सेवेचं उत्तर आलं, सगळं ओके, ब्लॅकलिस्टमध्ये नाही. ॲपल आयडी साइन आउट होता, फाइंड माय, म्हणजे हरवलेला फोन शोधायची आणि लॉक करायची सोय, बंद. बॅटरी हेल्थ ८९. ट्रू टोन (उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलतो ते) चालू, म्हणजे डिस्प्ले बहुतेक बदललेला नाही. अबाउटमध्ये जाऊन पार्ट्सची हिस्ट्री बघितली, कुठं 'अननोन पार्ट' नाही. सेटिंगमध्ये कुठं 'सुपरवाइज्ड' असं लिहिलेलं नाही, फोन कंपनीच्या ताब्यातला असला की तसं येतं. व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये कंपनीचं प्रोफाइल नाही. एवढं नवी पेठेतले मोबाईल दुकानदारसुद्धा बघत नाहीत.

फक्त एक दिसलं की आयओएस १७.६.१ आहे. जुलै २०२५ मध्ये १८.५ चालू असताना हा एक वर्ष जुन्या व्हर्जनवर का? विचारलं. तर म्हणाला, "दादा, १८ टाकला की बॅटरी उतरते, गरम होतो. माझ्या मित्राचा झाला ना. तुम्ही पण अपडेट तेवढा टाकू नका, फोन मक्खन चालेल."

आणि मी मान डोलावली! कारण हे वाक्य आमच्या कट्ट्यावर दर रविवारी कुणीतरी म्हणतोच. मी स्वतः म्हटलंय. जुन्या व्हर्जनवर अडून बसलेले लोक आम्हाला माहिती आहेत, त्यांना आम्ही मानतो. त्यानं बरोबर माझ्याच भाषेत मला गंडवलं.

आता ती वेळ. अजून रात्री तिथंच अडकतो मी. सेटिंग, जनरल, खाली ट्रान्सफर ऑर रिसेट, त्यात इरेज ऑल कंटेंट, म्हणजे फोन पूर्ण पुसायचं बटण. अंगठा त्याच्यावर होता माझा. मी विचारलं, "एकदा इरेज मारून बघू का?" तो अजिबात दचकला नाही. "मारा की दादा, तुमचाच फोन आहे. फक्त परत चालू करायला नेट लागंल, माझा पॅक संपलाय, आणि मला पावणेसहाची अक्कलकोटची एसटी गाठायचीय. मी तुमच्यासाठीच रिसेट मारून सेटअप करून आणलाय, तुम्हाला चेक करायला बरं म्हणून."

माझ्या खिशात माझा फोन होता, त्यात नेट होतं. हॉटस्पॉट चालू करायला किती वेळ लागतो, पाच सेकंद. इरेज मारून परत चालू व्हायला दहा मिनिटं. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झालेली, एसटी स्टँड तिथून काय लांब आहे. पण भाचा समोर बसलेला, त्याचा चहा तसाच गार झालेला, फोनकडं अशा नजरेनं बघत होता की मला वाटलं आता अजून किती किचकिच करायची, हा पोरगा उठून गेला तर? आणि खरं सांगू, मला जरा लाज वाटली, एवढा चांगला बोलणारा माणूस आणि आपण संशय घेतोय. अंगठा उचलला मी. लाज वाटली म्हणून ३१,५०० गेले. समोरचा चांगला बोलतोय म्हणून तपासणी अर्धी सोडू नका, चांगलं बोलणं हेच त्याचं भांडवल असतं.

सौदा ३१,५०० ला तुटला. ५,००० मी यूपीआयनं पाठवले, खात्याला नाव बाईचं आलं, म्हणाला मिसेसचं आहे. उरलेले २६,५०० कॅश. "आजचं लिमिट संपेल दादा, कॅशच द्या." कॅश देऊ नका हो कुणी. ऐकताय ना? पुढं कळेल का ते. बिल मागितलं तर बिल गावाकडं आहे, व्हॉट्सॲप करतो म्हणाला. वरून ४५० रुपयांची काच आणि कव्हर मी घातलं. भाच्यानं त्या संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाचे चाळीस फोटो काढले असतील.

दोन महिने फोन खरंच मक्खन चालला.

१५ सप्टेंबरला आयओएस २६ आला. १८ वरून एकदम २६, वर ती काचेसारखी नवीन डिझाइन, जूनपासून कट्ट्यावर तेच चाललेलं. भाचा रविवारी, २१ तारखेला, घरी आला तोच "मामा, टाकून द्या ना" म्हणत. आता माझी सवय अशी की मोठं व्हर्जन बदललं की नुसता वरून अपडेट मारायचा नाही, बॅकअप घेऊन कॉम्प्युटरला लावून पूर्ण रिस्टोर करायचा, क्लीन. वरून मारला असता तर कदाचित अजून काही महिने कळलंही नसतं. रिस्टोर झालं, हॅलो आलं, भाषा निवडली, वायफाय टाकलं, आणि स्क्रीनवर आलं 'रिमोट मॅनेजमेंट'. खाली बंगळूरच्या कुठल्यातरी कंपनीचं नाव, की हा आयफोन ही कंपनी सेट करणार. पुढं युजरनेम, पासवर्ड.

भाच्यानं विचारलं, "मामा, हे काय आहे?" मला दोन सेकंदात कळलं होतं. तरी मी म्हणालो, "सर्व्हरवर लोड असेल."

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. मोठ्या कंपन्या स्टाफला फोन देतात, तेव्हा त्या फोनचे सिरीयल नंबर ॲपलच्या सर्व्हरवर आपल्या नावावर लावून ठेवतात. फोन पुसला की चालू होताना तो नेटवरून विचारतो, मी कुणाचा? सर्व्हर सांगतो, अमक्या कंपनीचा. नोकरी सोडलेला माणूस फोन परतच देत नाही, किंवा असे फोन कुठून तरी बाजारात येतात, आणि दुकानात सॉफ्टवेअरनं तो प्रश्नच गाळून फोन चालू करून देतात. मग आतून बघितलं तर काहीच दिसत नाही, कारण कुलूप फोनमध्ये नाहीच, सर्व्हरवर आहे. आयएमईआय पण ओके येतो, कारण चोरीची तक्रार कुणी केलेली नसते. पुसल्यावरच कळतं. म्हणून समोर पुसायला लावायचा आणि आपल्या हॉटस्पॉटवर पूर्ण होम स्क्रीनपर्यंत आणायचा, त्याआधी एक रुपया नाही. सेटअप करून आणलेला फोन तर हातातच घेऊ नका.

सर्विस सेंटरला गेलो. ते म्हणाले ज्या कंपनीचा आहे तीच सोडू शकते, आमच्या हातात काही नाही. तिथं तरी खरं बोलले. मग नवी पेठेत एका दुकानात गेलो. त्यानं स्क्रीन बघितली आणि हसला, "होतंय की, १,८०० लागतील, पाऊण तास बसा." मी पाकीट काढलं. हो, काढलं, खोटं कशाला बोलू. तो पुढं म्हणाला, "फक्त नंतर रिसेट मारायचा नाही आणि अपडेट तेवढा टाकायचा नाही मालक."

शब्द न शब्द तेच. पाकीट परत ठेवलं. हे वाक्य आता मी भाच्याला सांगायचं का?

आता तक्रारीची कथा ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, बऱ्याच वेळानं लागला. ओटीपी दिला का, नाही. लिंक उघडली का, नाही. मग पैसे कसे गेले? मी दिले. त्यांनी ५,००० चं तेवढं लिहून घेतलं, पोचनंबर दिला. २६,५०० चं काय? कॅश सायबरमध्ये येत नाही, पोलीस स्टेशनला जा. बँकेत गेलो, बँक म्हणाली तुम्ही स्वतः पाठवलेत, दोन महिन्यांपूर्वी, आता काय थांबवायचं. पोलीस स्टेशनला गेलो, तिथं म्हणाले ॲपवरून झालंय ना, मग सायबरला जा. मी म्हटलं सायबरनंच इकडं पाठवलंय. मग हॉटेल रस्त्याच्या कुठल्या बाजूला यावर दहा मिनिटं चर्चा, ती बाजू आमच्या हद्दीत नाही. मी झिरो एफआयआरचं नाव काढलं, नवीन कायद्यात हद्दीबाहेरचीही घ्यावी लागते म्हटलं, तर "अहो एवढा कायदा कळतो तर फोन घेताना कळलं नाही का?" शेजारचे दोघं हसले. मी पण हसलो, काय करणार. दुसऱ्या ठिकाणी एकानं अर्ज लिहून घेतला, वर शिक्का मारला, एफआयआर नाही, नुसता अर्ज. आणि जाता जाता म्हणाला, हा फोन चोरीचा निघाला तर मुद्देमाल म्हणून जमा करावा लागेल बरं का, आणि तुम्हाला पण बोलवावं लागेल. म्हणजे पैसे माझे गेले आणि चोर पण मीच.

त्यानंतर मी निदान नऊ वेळा गेलोय. सीना नदीला पूर आला, साहेब तिकडं. ते मी समजतो, माढ्या-मोहोळात लोकांची घरं पाण्यात होती, माझ्या फोनचं काय घेऊन बसायचं. मग नवरात्राचा बंदोबस्त. मग कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा बंदोबस्त. मग दिवाळी. आता सांगतात निवडणूक आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येईल, ते मीच सांगून टाकलं, साहेब तेव्हाही नसतील ना. कुणी हसलं नाही.

ॲपवाल्यांना तक्रार केली, दोन दिवसांनी मेल आला की तुमची समस्या सुटल्याबद्दल आनंद आहे. कुणाची सुटली? त्या पोराचा नंबर बंद. बंगळूरच्या कंपनीला मी स्वतः मेल टाकला, सगळं खरं लिहिलं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं, फोन आमची मालमत्ता आहे, कुरियरनं पाठवावा. कुरियरचा खर्च माझा. पाठवला नाही अजून, कारण पोलीस म्हणतात पुरावा आहे, जवळ ठेवा. कपाटात आहे, ४५० ची काच लावलेला.

ताईचे २०,००० मी परत केले, तीन हप्त्यांत. ती नको म्हणत होती. भाच्याला १२,९९९ चा अँड्रॉइड घेऊन दिला, दुकानातून, बिलासकट.

परवा रात्री त्याच ॲपवर बघत बसलो होतो, सवय जात नाही. आयफोन १३, १२८ जीबी, काळा, ३३,०००. खाली तीच लाल-काळी चौकड्याची चादर, कोपऱ्यात तोच शिवलेला भाग. दुसरं नाव, दुसरा नंबर. खाली लिहिलेलं, 'बॅटरी टॉप, अपडेट करू नये.' स्क्रीनशॉट काढून सकाळी आठ वाजता पोलीस स्टेशनला. हवालदारांनी बघितला, माझ्याच फोनवर झूम करून बघितला, म्हणाले मोबाईलवर नाही चालत, प्रिंट काढून आणा, कलर. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली, वीस रुपये. परत आलो तोवर टेबलावर दुसरेच बसलेले.

"साहेब?"

"बंदोबस्ताला गेलेत."