फुकटातला फॉन्ट कन्व्हर्टर मला केवढ्याला पडला

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझाच गाढवपणा जास्त दिसतो, पण परवा आमच्याच रस्त्यावरच्या एका झेरॉक्सवाल्याकडं सेम टू सेम प्रकार बघितला आणि म्हटलं आता लिहूनच टाकू.

माझं कराडला डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जोडीला ऑनलाईन फॉर्म भरणं, सातबारा काढून देणं असली कामं. २०२२ चा ऑगस्ट. ऑगस्ट म्हणजे पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांचा सीझन, सप्टेंबरअखेर सभा उरकायच्या असतात म्हणून सगळे एकदमच येतात आणि सगळ्यांना उद्याच पाहिजे असतं. तर एका पतसंस्थेचे सेक्रेटरी आले, म्हणाले मागच्याच अहवालाचा मजकूर घ्या, आकडे तेवढे बदला, पण यंदा सभासदांना व्हॉट्सॲपवर पण पाठवायचाय, मोबाईलवर वाचता आला पाहिजे. आता मागचा अहवाल पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधला, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात. तो मजकूर कॉपी करून दुसरीकडं टाकला की काय होतं ते डीटीपीवाल्यांना सांगायला नको, नुसता एबीसीडी आणि उद्गारचिन्हांचा काला. युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर वाचता येईल अशा मराठीत आणायचा तर कन्व्हर्टर पाहिजे.

गुगलला टाकलं, सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं आणि पैसे भरून कुणीही तिथं वर येऊन बसू शकतो हे तेव्हा डोक्यातच नाही आलं, घाई होती. पानावर तीन हिरवी बटणं, तिन्हीवर डाऊनलोड. मी सगळ्यात मोठं दाबलं. खरी लिंक खाली कुठंतरी निळ्या बारीक अक्षरात होती, बटण नव्हतंच तिला, हे भाच्यानं नंतर दाखवलं तेव्हा दिसलं.

मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट. मधे एक पान आलं होतं मला आठवतंय, एका बाजूला ठळक 'एक्सप्रेस' आणि खाली राखाडी अक्षरात 'कस्टम', इतकं पुसट की ते बंदच आहे असं वाटावं. कस्टम दाबलं असतं तर आत आधीच टिक करून ठेवलेले चार चौकोन दिसले असते, एक सर्चबार, एक 'शॉपिंग असिस्टंट', एक पीसी क्लीनर आणि चौथं काहीतरी अपडेटर. एक्सप्रेस म्हणजे चारही घेतो बाबा.

गंमत म्हणजे कन्व्हर्टर चालला. निम्मा. रफार सगळे पुढच्या अक्षरावर जाऊन बसले. 'कर्ज' चं 'कजर्', 'वार्षिक' चं 'वाषिर्क'. पतसंस्थेचा अहवाल आणि त्यात पानापानावर कजर्, कजर्, कजर्.

दोन दिवसांनी क्रोम उघडलं की गुगलच्या जागी दुसरंच एक सर्चपान यायला लागलं. बदलून गुगल केलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. मशीन जड झालं, कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडायला चहा पिऊन यावं एवढा वेळ. तरी मी रॅम वाढवायची म्हणत बसलो. खरी लाज वाटली ती एका काकूंसमोर. त्या सातबारा काढायला आलेल्या, मी सरकारी साईट उघडली आणि तिथं उजव्या बाजूला भलीमोठी पोट कमी करायच्या औषधाची जाहिरात. काकू म्हणाल्या, "काय ओ दादा, सरकारनं पण औषधं विकायला काढली व्हय?" मी पण हसलो. हसायला नको होतं, कारण सरकारी साईटवर ती जाहिरात नव्हतीच, माझ्या मशीनमधे बसलेलं ते शॉपिंग असिस्टंट उघडलेल्या प्रत्येक पानात स्वतःची जाहिरात घुसडत होतं. क्रोमला जोडून बसणाऱ्या असल्या वस्तूला एक्स्टेन्शन म्हणतात, तिला एक परवानगी असते, 'सर्व वेबसाईटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे'. बदलणे म्हणजे जाहिरात घुसडणे, तेवढं दिसतं. वाचणे दिसत नाही.

त्यानंतर कोपऱ्यात निरोप यायला लागले, 'तुमच्या कॉम्प्युटरमधे ५ व्हायरस सापडले', वर नावाजलेल्या अँटीव्हायरससारखा लोगो. मी घाबरलो. आणि त्याच वेळी तो पीसी क्लीनर आपोआप उघडला, स्कॅन केला, १,२८६ एरर, लाल रंगात. दुरुस्त करायचे तर २,४९९ रुपये. मी डेबिट कार्ड टाकलं. ओटीपी आला नाही, लगेच पैसे गेले, आणि मला वाटलं वा काय फास्ट सिस्टीम आहे. साईट बाहेरच्या देशातली असली की ओटीपीशिवाय पण पैसे जाऊ शकतात हे तेव्हा कुठं माहिती. एरर शून्य झाले, हिरवी टिक आली. चार दिवसांनी परत ७९९ कापल्याचा मेसेज आला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

भाचा पुण्याला आयटीत आहे, गणपतीला आला होता. बसला, आणि पहिलाच प्रश्न, "मामा, नेक्स्ट नेक्स्ट केलं ना?"

ते १,२८६ एरर म्हणजे काय तर ब्राउजरच्या कुकीज (साईट ठेवतात त्या छोट्या फायली) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, जुन्या नोंदी, असल्या कुठल्याही मशीनवर निघतात आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. कोपऱ्यातले व्हायरसचे निरोप कुठल्याही अँटीव्हायरसचे नव्हते, 'रोबोट नसाल तर अलाऊ दाबा' म्हणणाऱ्या एका पानावर मी अलाऊ दाबलं होतं, तिथून येत होते. म्हणजे आधी तेच घाबरवणार आणि तेच औषध विकणार. जो हा कन्व्हर्टरचा इन्स्टॉलर बनवतो त्याला मागे बांधलेल्या प्रत्येक वस्तूमागं, ती जितक्या मशीनवर बसेल तितके पैसे मिळतात, म्हणून फुकट.

मी म्हटलं अरे पण माझ्याकडं अँटीव्हायरस आहे, पैसे भरून घेतलेला, तो का गप्प बसला. त्यावर तो जे बोलला ते मला सगळ्यात लागलं. म्हणाला हा कायद्यानं व्हायरस नाही मामा, तुम्ही ॲग्री दाबलंय. फार जुनी लढाई आहे म्हणे ही. २००३ साली गेटर नावाच्या जाहिरातवाल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं पीसी पिटस्टॉप नावाच्या साईटवर केस टाकली होती, का तर त्यांनी आम्हाला स्पायवेअर, म्हणजे चोरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर म्हटलं. २००७ मधे झँगो नावाच्या तसल्याच कंपनीनं अँटीव्हायरसवाल्या कॅस्परस्कीला कोर्टात खेचलं, आमचं सॉफ्टवेअर अडवता म्हणून, ते प्रकरण २००९ ला अमेरिकेच्या अपील कोर्टात कॅस्परस्कीच्या बाजूनं लागलं. जिंकले तरी कोर्टाची कटकट नको म्हणून अँटीव्हायरसवाले अजून पण व्हायरस म्हणत नाहीत, 'पोटेन्शियली अनवॉन्टेड', म्हणजे बहुधा नको असलेलं, असं गुळमुळीत नाव देतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते पकडायचा पर्याय आपणच सेटिंगमधे जाऊन चालू करायचा असतो. माझ्यात बंद होता. विंडोजच्या स्वतःच्या सिक्युरिटीत पण आहे तो, ॲप अँड ब्राउजर कंट्रोलमधे, आत्ता उठा आणि बघा चालू आहे का.

मोठी साईट म्हणजे सेफ, हा पण माझा गैरसमज. २०११ च्या डिसेंबरात डाउनलोड डॉट कॉमसारख्या नावाजलेल्या साईटनं एनमॅप या नेटवर्क तपासायच्या फुकट टूलला स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून त्यात टूलबार घातला होता, ज्यानं एनमॅप बनवलं त्यानंच बोंब मारली तेव्हा कळलं. आणि नवीन मशीन घेतलं तरी सुटका नाही, लेनोवोच्या काही लॅपटॉपमधे कंपनीतूनच सुपरफिश नावाची जाहिरातीची वस्तू टाकून आलेली, २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं. ती तर कुलूपवाल्या, म्हणजे पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असलेल्या सुरक्षित साईटमधे पण जाहिरात घुसवायला स्वतःचं खोटं सर्टिफिकेट (साईट खरी असल्याचा दाखला) बसवायची, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्या सर्टिफिकेटची गुप्त चावी एकच, म्हणजे ज्याला ती सापडली तो बँकेच्या नावाची खोटी साईट पण त्या लॅपटॉपवाल्यांना खरी म्हणून दाखवू शकत होता. आपण लोकांना शिकवतो ना कुलूप बघा म्हणून.

काढायला दीड दिवस गेला. कंट्रोल पॅनेलमधे प्रोग्रॅमची यादी तारखेनं लावली तर कन्व्हर्टरच्याच तारखेला चार जण बसलेले, ते उडवले, सकाळी परत हजर. मग टास्क शेड्युलर उघडला, तिथं साळसूद अपडेटर नावानं एक काम लावून ठेवलेलं, मशीन चालू झालं की गेलेली मंडळी परत आणायची. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटमधे टार्गेटच्या शेवटी त्या सर्चपानाचा पत्ता चिकटवलेला, म्हणून मी कितीही वेळा गुगल केलं तरी फुकट. क्रोमच्या मेन्यूत खाली 'तुमची संस्था व्यवस्थापित करते' असं लिहून यायचं, माझी कसली संस्था, मी एकटा आणि बायको. ते पण रजिस्ट्रीतून काढलं, इंटरनेट मधेच दुसरीकडून वळवलंय का ते (प्रॉक्सी) बघितलं, नोटिफिकेशनची यादी रिकामी केली, शेवटी ॲडवक्लीनर, म्हणजे असली जाहिरातवाली सॉफ्टवेअरं काढायचं टूल, फिरवला. तो मात्र त्याच्या मूळ कंपनीच्या साईटवरूनच घ्या, त्याच्या नावानं पण हिरवी बटणं आहेत बाजारात.

पैशाचं सांगतो. बँकेच्या ॲपमधे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद केले, कार्ड ब्लॉक केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावला, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. ७९९ साठी बँकेनं तक्रार घेतली आणि दीड महिन्यानं परत आले. २,४९९ ला बँकेचा मॅनेजर म्हणाला, "साहेब, हा व्यवहार तुम्हीच केलाय." तेच परत. सगळीकडं मीच दाबलेलं.

पण पैशापेक्षा दुसरंच खात होतं मला. त्या तीन आठवड्यांत त्याच मशीनवर मी लोकांचे फॉर्म भरलेले. आधार नंबर, मोबाईल, पोरांचे भरतीच्या साईटचे पासवर्ड, सगळं त्याच क्रोममधे टाईप केलेलं, आणि त्या वस्तूला वाचायची परवानगी होती. काय वाचलं, कुठं पाठवलं, काही कळायला मार्ग नाही. रजिस्टर काढून एकेकाला फोन केले, पासवर्ड बदला म्हणून. चाळीसएक जण होते. बरेच जण बरं म्हणाले आणि बदलला नसणार. एकानं विचारलं बँकेतनं पैसे जातील का, मी म्हटलं तुमचं बँकेचं काही टाकलं नव्हतं आपण, तरी तो दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन दुकानात. एका पोराचा बाप सरळ बोलला, "तुमच्याकडं विश्वासानं येतो आम्ही." त्याला काय सांगणार, काही नाही बोललो. तो नंतर आला नाही परत. आता फॉर्म भरायला वेगळं मशीन ठेवलंय, त्यावर क्रोम सोडून काही टाकत नाही, पासवर्ड ज्याचा त्यानं टाईप करायचा.

अहवाल शेवटी बायकोनं दोन रात्री बसून परत टाईप केला, ४८ पानं. मथळे तेवढे आधीच्या फाईलमधलेच राहिले होते, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि सतराव्या पानावर ठळक अक्षरात 'कजर् वसुली' छापून गेलं. सेक्रेटरी अजून रस्त्यात दिसले की हाक मारतात, काय कजर्वाले, चाललंय का दुकान.