अ‍ॅक्विफरच्या केसेस: आधी लिहा, मग ‘सबमिट’ दाबा

अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत क्लिनिकल पोस्टिंगबरोबर (वॉर्डातल्या प्रशिक्षणाबरोबर) विद्यार्थ्यांना अ‍ॅक्विफरच्या ऑनलाइन केसेस, म्हणजे पडद्यावरचे कल्पित पेशंट, लावलेल्या असतात. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, जुनं नाव मेडयू. सुरुवात झाली ती ‘क्लिप’ या बालरोगाच्या संचापासून. त्यामागचं कारण साधं होतं. सहा आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये कोणते पेशंट भेटतील ते हंगामावर आणि नशिबावर अवलंबून. थंडीत पोस्टिंग आलं तर ब्राँकिओलायटिस (तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिकांची सूज) रोज दिसतो, उन्हाळ्यात आलं तर एकही नाही. ती भोकं बुजवायला हा संच. आज बालरोगाच्या तीसेक, इंटर्नल मेडिसिनच्या पस्तीसेक आणि फॅमिली मेडिसिनच्या चाळीसेक केसेस आहेत. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तिकडच्या विद्यार्थ्यांना वॉर्डाबाहेर काढलं गेलं, तेव्हा अशा केसेसवर मोठा भार आला.

आपल्याकडे याची चौकशी दोघं करतात. एक, यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेची तयारी करणारी मुलं. दुसरे, 2019 च्या सीबीएमई (क्षमतांवर आधारलेल्या) एमबीबीएस अभ्यासक्रमातला सेल्फ डायरेक्टेड लर्निंगचा (स्वतः शिकण्याचा) तास कशाने भरायचा या विवंचनेतले शिक्षक. सदस्यत्व मुख्यतः कॉलेजमार्फत मिळतं, त्यामुळे खर्चाचा विचार कॉलेजच्या पातळीवर व्हावा.

एका केसला पाऊण ते एक तास धरा. पेशंट येतो, हिस्टरी तुकड्या-तुकड्यांत उलगडते, मध्ये मध्ये प्रश्न, मग तपासणी, चाचण्या, निर्णय. यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे समरी स्टेटमेंट. एका रिकाम्या चौकटीत दोन-तीन ओळींत पेशंट मांडायचा. ‘सबमिट’ दाबल्यावर तज्ज्ञाने लिहिलेलं वाक्य समोर येतं आणि तुलना तुमची तुम्ही करायची. केस फसते ती नेमकी इथेच. काहीतरी खरडून पुढे जाता येतं, तज्ज्ञाचं वाक्य वाचून ‘हो, मीही हेच म्हणणार होतो’ असं वाटतं, आणि तासाभरानंतर हाती उरतं फक्त वाचन. म्हणून वही शेजारी ठेवा. वाक्य आधी कागदावर उतरवा, खाली तीन निदानं आणि प्रत्येकापुढे एक बाजूचा आणि एक विरुद्धचा मुद्दा. मग बटण.

चांगलं वाक्य कसं असतं ते आपल्याच कोकणातल्या पेशंटवर पाहू, कारण लाल विंचू अमेरिकन केसमध्ये यायचं कारणच नाही. कच्चं वाक्य: ‘9 वर्षांचा मुलगा, विंचू चावला, दोन उलट्या, घाम, पाय थंड, नाडी 140, बीपी 130/90.’ चूक काहीच नाही, पण ही नुसती यादी झाली. पक्कं वाक्य: ‘पूर्वी निरोगी मुलगा, दंशानंतर दोन तासांत दंशाजागी दुखणं किरकोळ, पण घाम, उलट्या, थंड हातपाय, टॅकीकार्डिया (जलद नाडी) आणि वयाच्या मानाने वाढलेलं बीपी, म्हणजे ऑटोनॉमिक स्टॉर्म (स्वायत्त मज्जासंस्थेचा उद्रेक), फुप्फुसांत अजून क्रेप्स (पाणी साचल्याचे चरचर आवाज) नाहीत.’ यातला ‘अजून’ हा शब्द पुढची दिशा ठरवतो. पल्मनरी इडिमा (फुप्फुसांत पाणी साचणं) व्हायच्या आत प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध तोंडावाटे, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतं म्हणून मूल आडवंच, तीन तासांनी पुन्हा डोस. गोळी साधी हवी. बाजारात सर्रास मिळणारी एक्सएल गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती फोडून किंवा कुटून चालत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या उपचाराची वाट घालून दिली. आपल्या कॉलेजांनी स्वतःच्या केसेस लिहायच्या तर सुरुवात इथून करावी. दुसरी केस सर्पदंशाची: नाग, मण्यार, घोणस, फुरसे, आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, जिला काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळीच लागते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि चाचणी फसवते.

शिक्षकांना ही वाक्यं तपासायची असतील तर अ‍ॅक्विफरच्या केसेसवरूनच तयार झालेली एक मोजपट्टी आहे. माहिती अचूक आहे का, निदानांचा पसारा योग्य तेवढा आवळलाय का, कच्च्या माहितीचं वैद्यकीय भाषेत रूपांतर झालंय का, ‘तीव्र’, ‘एका बाजूचं’, ‘वाढत जाणारं’ असे नेमके शब्द आलेत का, आणि एकूण ठसा. वीस वाक्यं तपासायला अर्धा तास पुरतो.

आता मजकुराबद्दल. युनिट्स फारशी अडवत नाहीत; साखर आणि क्रिएटिनिन तिकडेही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच. नियमांशी मात्र जपून. तिथलं बाळ लसीला 2, 4, 6 महिन्यांनी येतं, आपलं पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीला 6, 10, 14 आठवड्यांनी. शिवाय बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, त्यांच्या वेळापत्रकात नाहीच. उच्च रक्तदाबाची व्याख्या तिथे 130/80 पासून सुरू होऊ शकते, आपल्या सरकारी कार्यक्रमात 140/90 धरतात. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी तिथे 45 व्या वर्षी, तर आपल्याकडे तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. फॅमिली मेडिसिनच्या संचात असं बरंच आहे, म्हणून एमबीबीएसच्या मुलांना तो जसाच्या तसा देऊ नये. बालरोग आणि इंटर्नल मेडिसिनमधली निदानाची वाट मात्र इथेही उपयोगी.

त्याहून मोठी उणीव भाषेची आहे, आणि ती एकट्या अ‍ॅक्विफरची नाही. पडद्यावरचा पेशंट नीटनेटक्या इंग्रजीत सांगतो. आपल्या ओपीडीत बाई म्हणतात, ‘डॉक्टर, चक्कर येते.’ केसमध्ये तेवढ्यात ‘व्हर्टिगो’ (गरगरण्याची चक्कर) छापून येतो आणि अर्धं काम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. खरं काम म्हणजे पुढचे तीन प्रश्न: घर गरगर फिरतंय असं वाटतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, की चालताना तोल जातो? ‘गुबारा धरलाय’, ‘आग पडते’, ‘कसंतरी होतंय’ यांचंही तेच. वर्गात केस घेताना शिक्षकाने पेशंट व्हावं आणि पहिली तक्रार मराठीत टाकावी. पाच मिनिटं जास्त जातात, पण पडदा जे शिकवत नाही ते इथे शिकवून होतं.

गटात वापरायचं असेल तर सहा ते आठ जण, पन्नास मिनिटं. केस सगळ्यांनी आधी संपवलेली असावी, वर्गात ती पुन्हा चालवू नका. एक गोष्ट बदला: सीटी स्कॅन नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अँब्युलन्स दीड तासावर. आता काय? चर्चेआधी प्रत्येकाने आपली निदानं स्वतंत्र लिहिलीच पाहिजेत. ह्यूमन डीएक्स या केस सोडवण्याच्या ऑनलाइन मंचावरच्या दीड हजाराहून अधिक केसेसचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. एकेकट्याचं निदान 62.5 टक्के वेळा बरोबर, नऊ जणांच्या याद्या एकत्र केल्यावर 85.6 टक्के. लक्षात घ्या, त्या याद्या प्रत्येकाने वेगवेगळ्या दिल्या होत्या. आधी बोलून मग लिहिलं तर वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर आठ वह्यांत उतरतं.

संख्येचा मोह टाळा. सहा आठवड्यांत पंचवीस केसेस लावल्या की मुलं शेवटच्या दोन रात्री ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतात. आठवड्याला दोन पुरेत, त्याही त्या आठवड्यात वॉर्डात न दिसलेल्या आजारांच्या. हजेरीशी तर मुळीच जोडू नका, कारण मग पडदा उघडा राहतो आणि विद्यार्थी चहाला जातो.

एकट्याने सुरू करणाऱ्याने बालरोगाच्या संचातली तापाच्या बाळाची केस आधी घ्यावी. तापाच्या बाळाचं वय महिन्यांत नाही, दिवसांत विचारायचं असतं: 8 ते 21, 22 ते 28 आणि 29 ते 60 दिवस, असे तीन गट अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी. समरी स्टेटमेंटमध्ये ‘एक महिन्याचं बाळ’ असं लिहिलं असेल तर ते खोडून दिवस लिहा, आणि मगच पुढचं पान उघडा.